सातशे ग्रॅम

“तुमचं किती लिहू?” पेन्सिलने रजिस्टरातून मान वर न करता विचारलं.

सिस्टरांनी एका हाताने तान्हं पोर कवटाळलं होतं आणि पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायातली चप्पल काढायची त्यांची खटपट चालली होती. समोरच्या बाकांवर सात आया सात पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या. डॉक्टरीणबाई आपल्या खोलीच्या दारात.

“अठ्ठ्याहत्तर,” सिस्टर म्हणाल्या.

“आधी एकट्या उभ्या राहा ना काट्यावर. नियम आहे.”

“अगं, सोमवारीच भिंतीवर लिहिलंय की. दोन दिवसांत काय मी दारातून मावेनाशी झाले? आटप, पोर रडतंय.”

बाकांवर हशा पिकला. पेन्सिलही हसली आणि तिने अठ्ठ्याहत्तर लिहिलं.

पेन्सिल म्हणजे दवाखान्याची नोंदणीकारकून, काडीसारख्या अंगामुळे हे नाव पडलेलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच तिचं तोंड हलत असायचं, बिस्किटं, केळी, कुणी दिलेला केक, आणि तरी अंगावर तोळाभर मांस चढायचं नाही. सिस्टरांची गत उलटी. त्यांना वासानेही वजन चढायचं, असं त्या स्वतःच सांगत. स्वतःवर आपणच आधी हसून घेतलं की दुसऱ्याला फारशी जागा उरत नाही, हे त्या शाळेतच शिकल्या होत्या.

त्या दिवशी बाळांचा काटा मधेच बंद पडला होता. अकरा बाळं नीट मोजून झाली. बारावं ठेवलं तर काटा आधी चार किलो म्हणाला, मग नऊ, मग काहीच म्हणेना. मग उरलेल्या सातांसाठी जुनी युक्ती काढली. मोठ्यांच्या काट्यावर आधी माणूस एकटं मोजायचं, मग बाळ घेऊन, आणि वजाबाकी करायची. प्रत्येक आईला दोन-दोनदा चढवायचं म्हणजे चौदा खेपा. त्यापेक्षा सिस्टरांनीच सगळी पोरं घ्यायची, म्हणजे वजा करायचा आकडा एकच. सोय होती. फक्त तो एक आकडा खरा असायला हवा होता.

आणि तो खरा नव्हता, हे सिस्टरांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाच महिन्यांपूर्वी लेकीने त्यांच्या फोनवर काहीतरी घालून दिलं होतं. दुपारी बारा ते रात्री आठ खायचं, उरलेले सोळा तास पाणी नाहीतर बिनसाखर-बिनदुधाचा चहा. “आई, जमतंय का बघ, नाही जमलं तर सोड,” लेक म्हणाली होती. जमलं. पहिल्या तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. युनिफॉर्मच्या कमरेला चिमटा घ्यावा लागला. नवरा म्हणाला, “अहो बाई, कोण तुम्ही? माझी बायको कुठं गेली?” आणि त्या वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी लाजल्या.

डॉक्टरीणबाईंनी तर त्यांना प्रदर्शनातच मांडलं. कर्मचाऱ्यांच्या वजनांचा तक्ता भिंतीवर लावला आणि येणाऱ्या प्रत्येक जाड बाईला त्या दाखवू लागल्या, “ह्या आमच्या सिस्टर. ह्यांना जमतं, मग तुम्हाला का नाही?” त्या बाया सिस्टरांकडे ज्या नजरेने बघत, ती सिस्टरांच्या चांगली ओळखीची होती. आयुष्यभर त्यांनीही बारीक बायकांकडे तसंच पाहिलं होतं.

मग काटा अडला. अठ्ठ्याहत्तर पॉइंट सात. एक आठवडा, दोन आठवडे, सात आठवडे. सिस्टरांनी सोळाचे अठरा तास केले. जिन्याच्या खेपा वाढवल्या. काटा न्हाणीघरातून स्वयंपाकघरात नेला, तिथून दाराआडच्या फरशीवर, कारण तिथे तो दोनशे ग्रॅम कमी दाखवायचा. केसांतल्या पिना काढून बघितल्या. एकदा तर श्वास सोडून उभ्या राहिल्या, जणू हवेचंच वजन होतं ते. आकडा ढिम्म.

“खरं सांग आई, मधे काही तोंडात टाकतेस ना?” लेकीने परवाच फोनवर विचारलं. रागाने नाही, हसत. “मला सांग, मी काही बोलणार नाही.”

“नाही गं.”

“चव बघताना? उरलंसुरलं?”

“नाही म्हटलं ना.”

“बरं बरं,” लेक म्हणाली. त्या दोन ‘बरं’मध्ये आपल्यावरचा तिचा विश्वास कुठेच नाही, हे सिस्टरांना फोनवरूनही दिसलं. खरं बोलूनही खोटं पडायचं, तर निदान खोटं बोलून सुटावं. सोमवारी तक्त्यावर आकडा लिहायची वेळ आली, डॉक्टरीणबाई मागेच उभ्या होत्या. सिस्टरांनी खडूने अठ्ठ्याहत्तर लिहिलं आणि पुढचे सातशे ग्रॅम गिळून टाकले. त्याने कुणाचं काय बिघडणार होतं?

“एक किलो दोनशे वाढलं?” पहिल्या बाळाच्या कार्डावर लिहिता लिहिता पेन्सिल म्हणाली. “एका महिन्यात?”

दुसरं बाळ एक किलो शंभर. तिसरं एक किलो तीनशे.

“आज सगळीच पोरं कशी बाळसं धरून आलीत,” पेन्सिल म्हणाली. “हवा मानवली वाटतं.”

सिस्टरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांना तेव्हाच कळलं. हे कबूल करायला त्यांना पुढे बराच वेळ लागला, पण कळलं तेव्हाच. त्यांनी मनाची समजूत घातली, गुटगुटीत पोरं आहेत सगळी, सातशे ग्रॅम इकडे काय न् तिकडे काय. पुढच्या महिन्यात बाळांचा काटा दुरुस्त होईल, आपोआप जुळेल.

शेवटची उठली ती शिलाईवाली. कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसणारी, बावीस-तेवीसची, बोटांना सुयांचे टोचे. पोरगी पाच महिन्यांची. मागच्या महिन्यात ती जेमतेम शंभर ग्रॅम वाढली होती आणि सिस्टरांनी भरल्या बाकांसमोर हिला धुतलं होतं.

“खरं सांग, वेळच्या वेळी पाजतेस, की मशीनपुढे पोर आठवत नाही?”

“पाजते हो सिस्टर. तास तास घेऊन बसते.”

“तास तास पाजतेस, मग दूध जातं कुठे? मला सांग, मी काही बोलणार नाही.”

आणि पेन्सिलला सांगून कार्डावर लिहून घेतलं होतं, ‘आई पाजण्यात कमी पडते. पुढच्या वेळी वाढ नसेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवणे.’

आज शिलाईवाली पुढे आली. पोरीला सिस्टरांच्या हातात दिलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवून काट्याकडे बघत राहिली.

“त्र्याऐंशी पॉइंट सात,” पेन्सिलने वाचलं. “वजा अठ्ठ्याहत्तर. पाच किलो सातशे. मागचं चार नऊशे.” ती थांबली. “अगं, आठशेने वाढली की!”

“आठशे?” शिलाईवाली म्हणाली. “खरंच?” आणि तिथेच उभ्या उभ्या रडायला लागली. शेजारच्या बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. डॉक्टरीणबाई पुढे आल्या, कार्ड बघितलं, तिच्यासाठी आधीच लिहून ठेवलेली मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली. “शाब्बास! बघा सिस्टर, रागावलं की होतं.”

सिस्टरांच्या हातात ती पोरगी होती. तीस वर्षं पोरं उचललेले हात ते. पाच सातशेची ही नाही, हे त्यांच्या मनगटाला काट्याच्याही आधी समजलं होतं.

“सांभाळून जा,” त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

बाराला फोन टुणकन वाजला. खायची वेळ सुरू. सिस्टरांनी डबा उघडला, बघितला, बंद केला. मग वजनाच्या खोलीत गेल्या, दार लोटलं, चपला काढल्या आणि काट्यावर उभ्या राहिल्या.

अठ्ठ्याहत्तर पॉइंट सात.

पाच सातशेतून सातशे गेले, पाच किलो. म्हणजे पोरगी महिन्याभरात पुन्हा शंभरच ग्रॅम वाढली होती. आणि तिची चिठ्ठी टोपलीत पडली होती.

पेन्सिल टेबलाशी केळं सोलत होती.

“मघाची सातही वजनं चुकलीत,” सिस्टर म्हणाल्या.

“म्हणजे? हाही काटा बिघडला?”

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पेन्सिलने स्वतःच दार उघडून दिलं होतं, नुसतं आत शिरायचं होतं. सिस्टरांना एक क्षण वाटलंही.

“काटा धड आहे. मी अठ्ठ्याहत्तर नाही. अठ्ठ्याहत्तर सातशे आहे. सात आठवडे तेवढीच आहे.”

पेन्सिलने केळं खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ठेवलं असावं. “अहो, मग सांगायचं ना. मी काय हसले असते?”

“सकाळी सगळ्याच हसल्या की.”

“तुम्ही हसवलंत म्हणून.”

डॉक्टरीणबाईंना सांगताना सिस्टरांचा आवाज इतका बारीक झाला की त्यांना दोनदा सांगावं लागलं, आणि ते दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं. डॉक्टरीणबाई बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसल्या.

“तुम्ही एवढ्या अनुभवी, सिस्टर.”

“हो.”

“एका आकड्यासाठी?”

डॉक्टरीणबाईंनी नवी चिठ्ठी लिहिली, पेन्सिलने बाकी सहा कार्डं दुरुस्त करायला घेतली. शिलाईवालीचा फोन लागेना, कारखान्यात कामाच्या वेळी बायकांचे फोन काढून घेत. सिस्टर चिठ्ठी घेऊन स्वतःच निघाल्या.

कारखान्याच्या मागच्या बाजूला पाळणाघर होतं, एक लांबट खोली. शिलाईवाली पाजायच्या सुट्टीत आली होती, भिंतीला टेकून खाली बसली होती. सिस्टरांना बघून धडपडत उठायला लागली.

“बस, बस. पिऊ दे तिला.”

सिस्टर समोर बसल्या आणि आपण इतक्या महिन्यांत जे एकदाही केलं नव्हतं ते केलं. ती पोर दूध कशी पिते, ते बघितलं. चार घोट घ्यायची, तोंड सोडायची, भराभरा श्वास घ्यायची. पुन्हा चार घोट. खोलीत पंखा फिरत होता आणि पोरीच्या कपाळावर घामाचे थेंब होते. छाती भात्यासारखी हलत होती.

“रोज अशीच पिते?”

“अशीच. दमते हो. म्हणून तर तास लागतो.”

सिस्टरांनी सांगून टाकलं. काटा, वजाबाकी, सातशे ग्रॅम. आठशे नाही, शंभर. शिलाईवाली ऐकत राहिली. सकाळपासून चेहऱ्यावर जे काही उजळलेलं होतं ते हळूहळू गेलं, आणि ते जाताना सिस्टरांना बघावं लागलं.

“म्हणजे माझं पुन्हा कमी पडलं,” ती म्हणाली.

“नाही गं पोरी. तुझं काही कमी पडलं नाही. तू पाजत होतीस. तिलाच झेपत नाहीये, हृदयाचं काही असेल. मागच्याच महिन्यात मला कळायला हवं होतं.”

“मी सांगितलं होतं, तास तास पाजते म्हणून.”

“हो. सांगितलं होतंस.”

“तुम्ही म्हणालात, दूध जातं कुठे.”

“म्हणाले.”

“आणि तुमचं वजन तुम्ही खोटं का सांगितलंत?”

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं, आणि म्हणून तो जास्त लागला. सिस्टरांनी तोंड उघडलं. सोळा तास, भिंतीवरचा तक्ता, लेकीचं ते ‘बरं बरं’, सगळं ओठांशी आलं आणि त्या लांबट खोलीत, त्या दमलेल्या पोरीसमोर, ते इतकं क्षुल्लक दिसलं की त्यांना बोलवेना.

“लाज वाटली,” त्या शेवटी म्हणाल्या.

शिलाईवालीने पदराने पोरीचं कपाळ टिपलं. “मलापण वाटली होती मागच्या महिन्यात. सगळ्यांसमोर,” ती म्हणाली. “आज सुट्टी लागेल म्हणून सुपरवायझरला तुम्ही सांगा. माझं ऐकत नाही ती.”

मोठ्या रुग्णालयात दोघी शेजारी बसल्या, मधे एक खुर्ची मोकळी ठेवून. ती शिलाईवालीने ठेवली होती. नंबर यायला दोन तास गेले. तेवढ्या वेळात ती एकदाच बोलली, संडास कुठे आहे ते विचारायला, आणि जाताना पोरीला बरोबर घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरांनी नळी छातीवर एका जागी ठेवली आणि बराच वेळ हलवली नाही. मग म्हणाले, हृदयात छिद्र असावं, तपासणी करू, औषध आजच सुरू करू, घाबरू नका, ह्याच्यावर इलाज असतो. सिस्टरांचा युनिफॉर्म बघून त्यांच्याकडे वळले. “बरं झालं, आज आणलंत.”

“मी नाही,” सिस्टर म्हणाल्या. “तिने सकाळीच आणलं होतं. आम्ही परत पाठवलं.”

डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. औषध किती द्यायचं ते वजनावर ठरणार होतं. “कपडे काढून काट्यावर ठेवा,” ते म्हणाले.

शिलाईवाली उठली. एका हाताने पोर, खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात कार्ड. सिस्टरांचे दोन्ही हात पुढे झाले, सवयीने, तीस वर्षं होत आले होते तसे.

शिलाईवालीने त्या हातांकडे बघितलं. मग त्यांवर पिशवी ठेवली. पिशवीवर कार्ड. मग एकेक करत पोरीचं टोपडं, झबलं, आणि शेवटी दुपटं. पोर मात्र तिने दिलं नाही. छातीशी धरून स्वतःच काट्यापर्यंत गेली, मानेखाली हात घालून हळूच ठेवली आणि अंगावरचे हात काढून घेतले.

सिस्टर होत्या तिथेच उभ्या राहिल्या, हातांवरचा पसारा खाली पडू नये म्हणून अंगाशी धरून. दुपटं अजून कोमट होतं.