काजळमाईचं फडकं

"नाकाला पदर लावा गं, धूळ छातीत बसंल!" भूकंपाच्या पहाटे सासू ढिगाऱ्याच्या कडेनं ओरडत फिरत होती. इतकी वर्षं झाली, चांगुणाला तो आवाज अजून मधूनच ऐकू येतो.

आज मात्र नव्या किल्लारीच्या चौकात वेगळाच गलका होता. काजळमाईच्या पुजाऱ्यानं, काजळबाबानं, पांढरं फडकं उलगडलं. सांजच्याला माईच्या देवळाच्या छपरावर कोरं बांधलेलं, सकाळी काळ्या भुग्यानं माखलेलं! बाया गाऊ लागल्या, "काजळाची माझी माय, तिच्या दारी पीडा न्हाय."

"माई हिवाळ्यात डोळ्यातलं काजळ झाडती, पावसाळ्यात झोपती," बाबा डोळे मिटून म्हणाला. "हे काजळ दुधात घ्या. दमा पळतो, पोरं डागदर होत्यात. गोळ्या, पंप बंद! शंका घेतली की माई रुसती."

चांगुणाची अंबिका लातूरच्या क्लासमधून दम्यापायी घरी परतलेली. परीक्षा तोंडावर. बाबाच्या सांगण्यावरून दिवाळीपासून तिचा श्वासाचा पंप फडताळात पडून होता. "बरं हाय का गं?" विचारलं की पोर नुसती हसायची. चांगुणाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

तेवढ्यात दवाखान्यातली हुमा डॉक्टरीण गर्दीतून पुढं आली. तिच्या हातात तसंच काळं फडकं.

"बाबाजी, ही पण माईचीच कृपा का?"

"उदो उदो! कुठं बांधलं होतंस, लेकी?"

"ग्रामपंचायतीच्या संडासावर."

खसखस पिकली. गर्दीतला शेतकरी शरणप्पा म्हणाला, "मंग दर्शनाची रांग तिकडंच लावू की!"

"हसू नका, शरणप्पा. काल सांजच्याला पाचट कुणी पेटवलं?"

"म्याच. ऊस गेला, फड मोकळा नको व्हय? समदेच पेटवत्यात."

"तेच हे काजळ. थंडीत गार हवा गोधडीगत जमिनीवर पडून राहते; पाचटाचा, चुलीचा, वीटभट्टीचा धूर तिच्याखाली कोंडतो. पावसाळ्यात फड पेटत न्हाईत, उरलासुरला धूर पाण्यानं धुतला जातो. म्हणून तुमची माई झोपते! आणि हे दिसतंय ते जाडंभरडं. डोळ्याला न दिसणारं बारीक थेट फुफ्फुसात उतरतं. आपणच जाळायचं, आपणच पुजायचं अन् लेकरांना पाजायचं? देव माना, पण फडकं एकदा दुसऱ्या छपरावर बांधून तरी बघा!"

बाबा झोळी आवरू लागला.

चांगुणाच्या हातात शेजारी उभ्या अंबिकासाठी भुगा कालवलेला दुधाचा पेला होता. तिनं तो मातीत ओतला. "अंबे, खरं सांग. बरं वाटतंय का?"

अंबिकानं खांबाला हात टेकला. "न्हाई, आई. पंप सोडला तवापासून लई दम लागून राहिलाय. बोलले तर तू म्हणशील, माझ्याच शंकेनं माई रुसली. म्हणून हसत होते."