बादलीत बुडालेला टपालाचा इतिहास

आमच्या दादाला टपालाचा भारी पुळका. म्हणजे टपालाच्या चित्रांचा. धावता हरकारा, घोडागाडी, आगबोट, विमान अशी तिकिटं तो चिमट्याने उचलून अल्बममध्ये लावतो आणि वर वळणदार अक्षरात 'टपालवाहतुकीचा इतिहास' असं लिहितो. स्वतः मात्र जन्मात कुणाला दोन ओळी धाडलेल्या नाहीत.

बाबा टपालाची गाडी चालवायचे. मुक्कामाच्या गावाहून आईला पत्र टाकायचे, आणि हौसेने टपालगाडीचं चित्र असलेलंच तिकीट लावायचे. ती पाकिटं आईने जिवापाड जपली होती. आईचं पूर्ण नाव आयुष्यात कुणी प्रेमाने लिहिलं असेल, तर ते त्या पाकिटांवर बाबांनीच.

दादाला प्रदर्शनासाठी नेमकी टपालगाडीची तिकिटं कमी पडली. आई दवाखान्यात गेली होती, मी अजून माहेरी पोचायची होते. तेवढ्यात या दीडशहाण्याने अख्खा गठ्ठा बादलीत भिजवला आणि तिकिटं सोलून वर्तमानपत्रावर वाळत घातली.

आम्ही दोघी एकदमच दारात पोचलो. बादलीत निळं पाणी.

"पाकिटं कुठायत रे?" आईने विचारलं.

"अगं, आतली पत्रं काढून ठेवलीत ना! पाकिटांचा लगदा झाला. त्यांच्यावर होतं काय? पत्ता! तो तर तुला पाठ आहे."

आई बादलीशी वाकून लगदा चाचपू लागली. मला त्याच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली. मोठा भाऊ म्हणून हात आवरला. आवरायला नको होता.

प्रदर्शनात परीक्षक बाईंनी तिकिटं कुठून आणली म्हणून विचारलं. दादाने छाती फुगवून सगळं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, टपालगाडीच्या ड्रायव्हरने टपालगाडीचं तिकीट लावून पाठवलेलं पाकीट! शिक्क्यासकट तसंच ठेवलं असतं, तर पहिला नंबर तुमचाच होता. अशी सुटी तिकिटं शाळकरी पोरांकडेही असतात."

घरी येऊन दादा रडला. खरंच रडला, पण नंबरासाठी. मग नाक पुसून आईच्या खोलीत आला.

"आई, बाबांचं एखादं पाकीट उरलंय का गं? एकच?"

आई मांडीवर उशी घेऊन बसली होती. "नाही रे. सगळी तूच धुतलीस."

तो पाय आपटत गेला. आईने अभ्र्यात हात घालून एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. वरचं तिचं नाव मी मोठ्याने वाचणार, तोच तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू," ती म्हणाली. "मी गेल्यावरसुद्धा त्याला दाखवू नकोस."