मानाची टाळी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. आज शनिवार आहे आणि सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. नाबुकीरा अजून आलेली नाही.

माझा जन्म कंपालाच्या एका कारखान्यातला. पांढरी तबकडी, लाल काटा आणि पाय ठेवायला काळी रबरी पाटी. युगांडातल्याच मसाका शहराजवळच्या या दवाखान्यात मला आणले, तेव्हा इथे एचआयव्हीची औषधे नुकतीच येऊ लागली होती. त्याआधी या भागातली माणसे झिजून झिजून गेली. त्यामुळे बारीक होणे म्हणजे मरणाची चाहूल, हे इथल्या लोकांच्या हाडात बसले आहे. कोणी जरा रोडावले की शेजारी कुजबुजतात, पेलासुद्धा वेगळा ठेवतात.

नाबुकीरा पहिल्यांदा माझ्यावर उभी राहिली ती चार वर्षांची असताना. उभी कसली, तिच्या आत्याने, नामुद्दूने, तिला धरून ठेवले होते. नऊ किलो! सिस्टर नालुबेगांनी वाकून पाहिले, काटा खरेच हलला का म्हणून. आईवडील त्याच आजाराने गेलेले, आणि जन्मापासून तिच्या रक्तातही तो होताच.

मग गोळ्या सुरू झाल्या. दर शनिवारी अशा मुलांचा मेळा भरायचा आणि ज्याचे वजन वाढले त्याला मानाची टाळी मिळायची. एका तालात तीन टाळ्या, आणि मग सगळ्यांनी तळहात पुढे करून त्या त्याच्याकडे ढकलायच्या. दहा किलो, टाळी. सोळा किलो, टाळी. खरे सांगतो, त्या टाळ्या मला माझ्याच वाटायच्या. सिस्टर मला ओल्या फडक्याने पुसायच्या, मुले माझ्यावर आधी चढायला भांडायची. मी अगदी फुशारून गेलो होतो.

वजनाने कुठे थांबायला हवे, हे मला कोणी शिकवले नव्हते. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही नाही.

नाबुकीरा बावीस वर्षांची झाली. दिवसभर शिवणयंत्रावर बसून कपडे शिवू लागली. तिचे लग्न ठरले. दोन्ही घरांच्या भेटीचा सोहळा दोन महिन्यांवर आला, आणि त्यात मुलीला सजवून पुढे आणणे हा आमच्याकडे आत्याचा मान. भाची भरलेली दिसावी म्हणून नामुद्दू तिला मटोके, म्हणजे शिजवून कुस्करलेली हिरवी केळी, आणि शेंगदाण्याचे दाट कालवण वाढत सुटली. अठ्ठ्याऐंशी किलो, टाळी.

मला मात्र त्या टाळ्या टोचू लागल्या. तीन पायऱ्या चढून आली तरी तिला धाप लागे. सँडलचे पट्टे घोट्यात रुतलेले असत. आणि ती उभी राहिली की माझा काटा एका जागी ठरत नसे, एका ठेक्यात थरथरत राही. तिच्या गुडघ्यांमुळे की छातीतल्या धडधडीमुळे, मला कळेना. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर!

"हा काटा म्हातारा झाला गं," सिस्टर एकदा तबकडीवर टिचकी मारत म्हणाल्या. "आता याला अडगळीत टाकायचं."

"त्याच्याआधी मीच पडेन," नाबुकीरा हसली. "डोकं असं ठणकतंय ना! शिवायला बसलं की एकाचे दोन टाके दिसतात."

"लग्नाची मुलगी, झोप कुठली लागतेय तिला!" नामुद्दू म्हणाली. "तुम्ही लिहा हो सिस्टर. अठ्ठ्याऐंशी ना?"

सिस्टर मला उचलायला वाकल्या, आणि काय वाटले कुणास ठाऊक, स्वतःच वर चढल्या. काटा एकाहत्तरवर जाऊन गप्प उभा.

"नाबुकीरा, परत चढ बघू."

काटा पुन्हा थरथरला.

"आत्याबाई, आता तुम्ही."

नामुद्दू चढली. काटा स्थिर.

म्हणजे खोट माझ्यात नव्हती, थरथर नाबुकीरातच होती. रक्तदाब मोजायचे यंत्र व्हरांड्यापलीकडे, म्हाताऱ्यांच्या खोलीत असते. पोरासोरांचा दाब कशाला बघायचा, ही इथली रीत. त्या धावत जाऊन ते घेऊन आल्या, नाबुकीराच्या दंडाला पट्टा आवळला, पुन्हा एकदा आवळला.

"एकशे ऐंशी. खालचा एकशे दहा." त्यांनी पट्टा सोडला. "चूक आमची आहे. इतकी वर्षं नुसतं वजन बघत बसलो."

बोट टोचून पाहिले तर साखरही वाढलेली. डॉक्टरांनी तिला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले , दाबाची गोळी सुरू केली आणि सहा आठवड्यांनी परत बोलावले.

"अजून गोळ्या?" नाबुकीराला रडू फुटले. "आहेत तेवढ्या कमी आहेत का?"

"जुन्या सोडायच्या नाहीत, त्यांच्यावरच जगलीस तू," सिस्टर म्हणाल्या. "पण मीठ कमी, रोज चालायचं आणि वजन उतरवायचं."

"उतरवायचं? आत्ता?" नामुद्दू उसळली. "सगळा गाव बोट दाखवेल! म्हणतील, आई गेली तशीच हीही चालली."

"आत्या, आई बारीक होऊन गेली," नाबुकीरा म्हणाली. "मी जाड होऊन जाऊ का?"

नामुद्दूने गोळ्यांची पुडी उचलून आपल्या पिशवीत टाकली.

त्याला आज सहा आठवडे झाले. गोळी घेते की लपवते, चालते की लोकांच्या बोलण्याला घाबरून पुन्हा ताटावर बसते, या विचारांनी मला चैन नाही. आणि हे बघा, पायऱ्यांवर सँडल वाजल्या! चालत आली आहे. मागून आत्या, धापा टाकत.

चौऱ्याऐंशी. चार किलो खाली. कोणाचेच हात पुढे आले नाहीत. वजन उतरले की टाळी नाही, हे मुलांना पाठ आहे. नाबुकीराच्या पायांची बोटे माझ्या पाटीवर आक्रसली. नामुद्दूने टाळीसाठी हात वर केले.

"थांबा, आधी पट्टा," सिस्टर म्हणाल्या. हवा भरली, सुटली. "एकशे बत्तीस. खालचा चौऱ्याऐंशी."

मग नामुद्दूने एकटीनेच तीन टाळ्या वाजवल्या आणि तळहात भाचीकडे ढकलले. मागून मुलांनीही टाळी धरली.

पण टाळी विरते न विरते तोच सिस्टरांनी यंत्र उचलले आणि त्या व्हरांड्यापलीकडे निघाल्या. माझ्यापुढच्या रांगेत अजून अकरा मुले उभी आहेत. मित्रांनो, मला पुसू नका हवे तर, अडगळीत टाका. पण सिस्टरांना कोणीतरी हाक मारा, ते यंत्र घेऊन परत यायला सांगा.