मागच्या रांगेतला खर्ज

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारा माणूस कॉलेजच्या गायनवृंदात कसा शिरला, ही गोष्ट त्या कॉलेजात एकतीस वर्षं सांगितली जात होती आणि सांगणारा दर वेळी तीत थोडं तिखटमीठ घालत असे. खरं घडलं ते इतकंच. वृंदाचे सर एका दुपारी जिना उतरत होते. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं आणि आत एक तरुण मदतनीस ब्यूरेट धुता धुता काहीतरी गुणगुणत होता, इतक्या खालच्या सुरात की सरांना आधी वाटलं, कुठेतरी पंप चालू आहे. ते आत आले आणि म्हणाले, "पुन्हा." त्याने घाबरून नळ बंद केला. "नळ नव्हे रे," सर म्हणाले, "गाणं."

तेव्हापासून तो वृंदात मागच्या रांगेत उभा राहू लागला. वृंद चार आवाजांत गायचा. वरचे तीन आवाज दरवर्षी नव्या पोरापोरींतून मिळून जात, पण चौथा, अगदी खालचा, काही केल्या मिळत नसे. अठरा-एकोणीस वर्षांचे गळे, त्यांच्यात कुठून येणार खर्ज? तो ह्याच्याकडे होता. सत्ताविशीतच पोरांनी त्याला खर्जकाका करून टाकलं. स्वरलिपी त्याला शेवटपर्यंत वाचता आली नाही. सर त्याची ओळ पियानोवर दोनदा वाजवत आणि तेवढ्यावर ती त्याच्या डोक्यात कायमची बसे. मंगळवार आणि शुक्रवार, पाच ते सात. पोरं यायची, तीन वर्षं गायची, पदवी घेऊन जायची. काका तिथेच. वृंदाच्या जुन्या फोटोंत बाकी सगळे चेहरे बदलत जातात, आणि उजवीकडे एकच माणूस हळूहळू टक्कल पडून घेताना दिसतो.

मग सरांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांच्या जागी नव्या मॅडम आल्या.

मॅडम पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, कामाला वाघ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर लिहिलं, की सगळ्यांची नव्याने आवाजचाचणी होईल. काकांना यात वावगं काही वाटलं नाही. उलट पोरांना त्यांनीच धीर दिला. "अरे, घाबरता काय? त्या काय खाणार आहेत तुम्हाला?"

स्वतःची पाळी आली तेव्हा काका हात पुसत पुसतच गेले. मॅडमनी एक खालचा स्वर वाजवला. "हा धरा, काका. मी थांबा म्हणेपर्यंत." काकांनी छाती भरून घेतली आणि स्वर लावला. खिडकीच्या काचा नेहमीसारख्या थरथरल्या. त्यांना बरं वाटलं. बऱ्याच वेळाने मॅडमनी तीच पट्टी पुन्हा दाबली. पियानो काकांच्या बराच वर वाजला.

"पियानो चढलाय वाटतं," काका म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. "परवाच लावून घेतलाय, काका."

आणखी चार वेळा केलं. चारही वेळा तेच. शेवटी मॅडमनी पियानोचं झाकण लावलं आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले. "तुमचा आवाज अजून मोठा आहे. पण सूर खाली येतोय, आणि आलेला तुम्हाला कळत नाही. चूक कळली असती तर आपण मेहनत केली असती. आणि खालचा आवाज घसरला, की वरचे सगळे त्याच्या मागे घसरतात. मला तुम्हाला रांगेत उभं करता येणार नाही." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही तालमीला मात्र येत जा. बसा. कागद वाटायला, खुर्च्या लावायला मला कुणीतरी लागेलच."

"हो, बघू," काका म्हणाले आणि प्रयोगशाळेत परत आले. धुतलेलीच चंचुपात्रं त्यांनी पुन्हा धुवायला घेतली.

वृंदात त्यांच्या शेजारी शेवटच्या वर्षाचा एक मुलगा उभा राहायचा. उंच म्हणून त्याला सगळे शिडी म्हणत. दुसऱ्या दिवशी तो प्रयोगाला आला तेव्हा काकांनी त्याला बाजूला घेतलं.

"खरं सांग. मी बेसूर गातो?"

शिडीने हातातल्या परीक्षानळीकडे पाहिलं. "तसं नाही काका…"

"मग कसं?"

"सरांनीच सांगितलं होतं. तुमच्या डाव्या-उजव्या बाजूला पक्क्या सुराचा एकेक जण ठेवायचा आणि त्यांनी जोरात गायचं. म्हणजे झाकलं जातं." आणि मग, आता सांगतोच आहे तर सगळंच सांगावं अशा भाबडेपणाने तो बोलून गेला, "आम्ही त्याला ड्यूटी म्हणायचो. पाळी लावून."

काका इतकी वर्षं समजत होते, की पोरांना आपल्या शेजारी उभं राहायला आवडतं. आज हा, उद्या तो, अशी शेजारची जागा सारखी बदलायची, ती प्रेमापोटी. तसं त्यांनी घरी बायकोलाही सांगितलं होतं.

रविवारी ते सरांकडे गेले. सर मुलीकडे राहत होते. खिडकीपाशी खुर्चीत बसलेले, उजवा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. मुलीने काकांना स्टूल दिलं आणि ती आत गेली.

"सर, मी कधीपासून खाली येत होतो?"

सरांनी डाव्या हाताची तीन बोटं वर केली. जरा विचार केला. चौथंही केलं.

त्यातली तीन वर्षं वृंद आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्या पाचांतही आला नव्हता. आणि दर वेळी परतीच्या बसमध्ये काकाच उठून वरच्या आवाजाच्या मुलींना सांगत, "बायांनो, सूर धरून ठेवत जा गं. तुम्ही घसरता आणि सगळं मुसळ केरात." पोरी मान खाली घालून ऐकायच्या. एकीलाही उलट बोलावंसं वाटलं नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीत?"

सरांना शब्द जुळवायला वेळ लागत होता. "तू… खूश… होतास." मग खिडकीकडे वळून ते म्हणाले, "चूक… माझी."

माझी चूक म्हणजे सांगितलं नाही ही, की मुळात जिन्यावरून आत आलो ही, ते काकांना समजलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. सरांच्या ओठाच्या कडेला लाळ आली होती ती काकांनी रुमालाने टिपली आणि ते निघाले.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. मंगळवार आला. बायको म्हणाली, "आज उशीर ना?" "हो," ते म्हणाले. मग काय करणार? पाच वाजता ते प्रयोगशाळेच्या आतल्या तराजूंच्या खोलीत जाऊन बसले. वाऱ्याने काटे हलू नयेत म्हणून त्या खोलीला खिडकी नव्हती, जाड दार होतं. तरी गाणं यायचंच. समोरच्या इमारतीतून, अंगण ओलांडून. सातला ते दिवा बंद करून घरी जायचे. असे सात आठवडे गेले.

वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी बायकोने त्यांचे काळे कपडे इस्त्री करून पलंगावर ठेवले. स्वतः निळी साडी नेसून, पर्स घेऊन दारात उभी राहिली. काका पलंगाच्या कडेला बसलेले.

"अहो, चला ना. तुम्हाला तासभर आधी जायचं असतं."

"मला काढलंय. दोन महिने झाले. माझा सूर खाली येतो म्हणे."

तिने पर्स पलंगावर ठेवली. त्यांना वाटलं, आता ती भडकेल, मॅडमचा उद्धार करेल. निदान म्हणेल तरी, की त्यांना काय कळतंय.

"दोन वर्षं झाली," ती हळूच म्हणाली. "तुम्ही घरात म्हणायला लागलात की मी मिक्सर लावायचे. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण आधी ऐकावंसं वाटायचं, आणि मग वाटेनासं झालं." मग ती शेजारी बसली. "जायचं नसेल तर राहू द्या."

पण ते गेले. साध्या शर्टात, बायकोच्या शेजारी, अकराव्या रांगेत. एकतीस वर्षांत त्यांनी वृंद समोरून कधी ऐकलाच नव्हता. मनात कुठेतरी एक आशा होती, तिची त्यांना लाजही वाटत होती, की आपली जागा रिकामी पडलेली ऐकू येईल. मॅडमनी हात वर केला. गाणं सुरू झालं. खालचा आवाज शिडी आणि एक नवा मुलगा गात होते. बारीक होता, जेमतेम पोचत होता, पण जिथे असायला हवा तिथेच होता. त्याच्यावर बाकीचे तीन आवाज असे अलगद येऊन बसले, की सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. काकांनी इतका सुरेल वृंद आजवर ऐकला नव्हता. शेजारी बायकोने डोळे टिपले आणि त्यांची नजर चुकवली. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले तेव्हा काकाही उभे राहिले.

त्यानंतर ते तालमीला कागद वाटायला जाऊ लागले. न जाण्याला काही कारण उरलं नव्हतं.

परीक्षेच्या आधी सर गेले. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा ठरली. सरांनी स्वतः रचलेलं एक गाणं होतं, ते वृंदाने म्हणायचं असं मॅडमनी ठरवलं. सभेच्या सकाळी त्या प्रयोगशाळेत आल्या. "काका, आज तुम्ही उभे राहा आमच्यात. आज राहायलाच हवं."

"मॅडम, नको. बिघडेल."

"आज नाही बिघडत काही."

ते उभे राहिले. मागच्या रांगेत, उजव्या टोकाला. शिडी शेजारी आला, त्यांच्याकडे पाहून ओळखीचं हसला आणि छाती भरून घेऊन तयार झाला. आज त्याची पाळी होती हे काकांच्या लक्षात आलं. गाणं सुरू झालं. काकांनी तोंड उघडलं. शब्द न् शब्द पाठ होता, कुठे श्वास घ्यायचा तेही. ओठ बरोबर हलत होते, छाती बरोबर वर-खाली होत होती, पण आवाजाला त्यांनी गळ्याच्या वर येऊ दिलं नाही. पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत. शिडीच्या मात्र ते ध्यानात आलं नसावं, तो शेवटपर्यंत जोरात गात राहिला.

सभा संपल्यावर माणसं भेटायला आली. वृंदातली जुनी मंडळी लांबून आली होती, कुणाच्या केसांत पांढरं, कुणाच्या कडेवर पोर. त्यातल्या एका बाईंनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ती वरच्या आवाजात गायची, त्यांनी ओळखलं.

"काका, डोळे मिटून ऐकत होते मी," ती म्हणाली. "तुमचा खर्ज लागला आणि अंगावर काटा आला. अगदी तस्सा आहे हो अजून. सर असते तर…"

"हो," काका म्हणाले.

तिने आणखी दोघांना बोलावलं. त्यांनीही तेच सांगितलं. काका प्रत्येकाला हो म्हणत राहिले. मग सभागृह रिकामं होऊ लागलं, आणि ते खुर्च्या चार-चार करून एकमेकींत घालायला लागले.