काचेतली ऊब

जिन्यापासून दारापर्यंत माणसंच माणसं! ज्या घराची बेल दूधवाल्याशिवाय कुणी वाजवत नसे, तिथे आता पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांना अण्णांची बायको बघायची होती. ती जाऊन दोन वर्षं झाली होती, एवढीच काय ती अडचण.

"अण्णा, खुर्ची सोडायची नाही, हलायचंही नाही. आत्मा बिचकतो!" रोज येऊन आत्मा दाखवणाऱ्या महाराजांनी बजावलं. मग नेहमीच्या कोपऱ्यात तिरपं उभं राहून त्यांनी आपलं 'दिव्यचक्षू' यंत्र भिंतीवरच्या अण्णांच्या बायकोच्या फोटोवर रोखलं. जोडलेल्या टीव्हीवर फोटोच्या काचेत एक नारिंगी आकृती उमटली. डोकं, खांदे.

"आल्या! वहिनी आल्या!" शेजारच्या काकूंनी डोळे मिटून हात जोडले. न बघताच दिसलं म्हणणाऱ्यांत त्या कायम पुढे.

अण्णा थिजून बसले होते. रोज महाराज गेल्यावरही ते त्याच खुर्चीत बसून फोटोला दिवसभराचं सांगत. दिवसभरात काही घडत नसे, म्हणून थोडं रचूनही सांगत. घर सोडलंत तर ती कायमची थंड होईल, असं महाराजांनी सांगितल्यापासून त्यांनी लेकीकडे राहायला जाणं साफ नाकारलं होतं.

आज तीच लेक दारात उभी होती. ती काम करत होती त्या कारखान्यातल्या यंत्रांच्या मोटारी कुठे तापतात ते बघायला तिला उष्णता टिपणारा कॅमेरा निवडायचा होता. विक्रेत्याने चाचणीला दिलेला कॅमेरा तिच्या पिशवीतच होता.

"महाराज, तुमच्या यंत्राच्या चित्रात ठिपके किती?"

"आत्म्याला ठिपके नसतात, मुली!"

"कॅमेऱ्याला असतात. तुमचाही उष्णता टिपणारा कॅमेराच, हे मॉडेल मी दुकानात बघितलंय. तुमच्यात ऐंशी गुणिले साठ. एवढ्यात माणूस काय नि मडकं काय, सारखंच. माझ्यात तीनशेवीस गुणिले दोनशेचाळीस आहेत."

महाराजांना बाजूला सारून ती त्याच कोपऱ्यात उभी राहिली आणि टीव्हीची वायर आपल्या कॅमेऱ्याला लावली. आकृती रेखीव झाली. चेहऱ्यावर दोन काळे गोल होते.

"हे काय गं?" काकूंनी डोळे उघडले.

"चष्मा. चष्म्याची काच चेहऱ्याहून गार, म्हणून काळी दिसते."

"पण हिला चष्मा नव्हता," अण्णा पुटपुटले. त्यांचा हात आपल्या चष्म्याकडे गेला. काचेतल्या आकृतीचाही हात वर गेला.

"आत्म्याने पतीचं रूप घेतलं!" महाराज ओरडले.

"अण्णा, जरा उठता?"

अण्णांना उठायचं नव्हतं. अख्ख्या गर्दीत हे फक्त लेकीला कळलं. शेवटी गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. काच रिकामी झाली.

"फोटोची काच या कॅमेऱ्यापुढे आरशासारखी वागते," लेक म्हणाली. "त्या कोपऱ्यातून बघितलं की खुर्चीतल्या माणसाची ऊब परतून येते. उष्णतेतला फरक जरासा असला तरी यंत्र रंग भडकच दाखवतं."

महाराजांनी काढता पाय घेतला, पाठोपाठ गर्दीही पांगली. घर पुन्हा पहिल्यासारखं गप्प झालं.

"मग मी इतके दिवस कुणाशी बोलत होतो?"

"स्वतःशी, अण्णा." तिने कॅमेरा बंद केला. "ऐकायला मी असायला हवं होतं."

चमत्कार दाखवणारा भेटला, तर खुर्ची रिकामी करून काय दिसतं ते आधी बघावं. महाराज चलाख होता हे खरं, पण त्याचं फावलं ते त्या घरी दुसरं कुणी जात नव्हतं म्हणून. काचेतली ऊब बघायला अख्खी वस्ती लोटली. जिवंत माणसाची ऊब समोर खुर्चीत होती, तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

अण्णांनी घराची किल्ली खिशात टाकली, फोटो भिंतीवरून उतरवला, काच सदऱ्याने पुसली आणि तो लेकीपुढे धरला.

"नीट ठेव पिशवीत. फुटेल."