मागं जागा नसलेला टीव्ही

चापटकाकांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही टीव्हीला उगाच चापट मारली नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नावावरून माणसाबद्दल भलताच समज होतो. बिघडलेला टीव्ही समोर आला की काका आधी त्याच्या अंगाला कान लावायचे. मग डाव्या कुशीला, खालून चार बोटं वर, तळहातानं एकच टपली. चित्र थरथरलं की समजायचं, आत कुठला तरी जोड सुटलाय. ती चापट नव्हती, तपासणी होती. पण लोकांना काय त्याचं! लोकांनी नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

अख्ख्या वस्तीचे टीव्ही त्यांनी जगवले. आणि स्वतःच्या घरी? दिव्याखाली अंधार. घरातला टीव्ही म्हणजे चार मेलेल्या टीव्हींचे अवयव जोडून उभा केलेला एक खोका. काच एका शाळेच्या टीव्हीची, स्पीकर एका दवाखान्याच्या टीव्हीचा, बटण तर प्रत्येक निराळ्या रंगाचं. मागून तो इतका फुगलेला की भिंतीपासून दोन हात पुढं ठेवावा लागे. त्या दोन हात जागेत एक स्टूल असे आणि संध्याकाळी स्टुलावर काका असत. काकू पुढं बसून टीव्ही बघायच्या, काका मागं बसून.

मागं बसून पुढचं चित्र दिसणार कसं, असं कुणी विचारेल. त्यासाठी आरसा. टीव्ही दुरुस्त करणारे सगळे समोर आरसा लावून काम करायचे, म्हणजे मागं हात चालवता चालवता पुढं काय होतंय ते कळतं. काकांकडे लाकडी चौकटीचा चांगला मोठा आरसा होता आणि लग्नाला आठ दिवस होत नाहीत तोच काकूंच्या हातात तो आला. "जरा वर. अगं माझ्याकडे तिरका कर. हां, आता हलू नकोस, शिंकूसुद्धा नकोस." आरशात काकांना सगळं उलटं दिसायचं, बातम्या देणाऱ्याचा भांगसुद्धा भलत्याच बाजूला. आणि काकूंना आरशावरून दिसायचा टीव्ही, आणि टीव्हीवरून दोन भुवया आणि दोन डोळे. "मला माझा नवरा नाकाच्या वर तेवढाच ठाऊक आहे," असं त्या बहिणीला सांगायच्या आणि दोघी पोट धरून हसायच्या.

काकांची आणखी एक सवय होती. टीव्ही उघडला की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख टाकायची आणि पुढं बिघाड लिहायचा. म्हणजे पुन्हा उघडेल त्याला आधीचं दुखणं कळावं. गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर लिहायचे तसंच घरच्यावरही.

तर असा हा खोका एका संध्याकाळी मान टाकून बसला. चित्र आक्रसत आक्रसत एक आडवी पांढरी रेघ झालं. काकांनी टपली दिली, रेघ थरथरलीसुद्धा नाही. कोणता भाग गेलाय ते त्यांना लगेच कळलं, पण तो भाग मिळेना. सात दुकानं पालथी घातली. सातव्या दुकानातला माणूस म्हणाला, "काका, ह्याचा भाग आता वस्तुसंग्रहालयात विचारा."

तीन आठवडे काकूंनी रेघ बघितली. मग त्या म्हणाल्या, "आता नवा घेऊ या. चपटा."

दुरुस्तीचं दुकान बंद करून काकांना दोन वर्षं झाली होती. चपटा टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही, तो फेकतात आणि दुसरा आणतात. हातांना काम देणारं एवढं एकच दुखणाईत घरात उरलं होतं. तेही गेलं तर आपण चापटकाका कसले? बाजारातून भाजी आणणारा एक म्हातारा, बस्स. पण असलं काही बायकोला सांगतात होय? त्यांनी सोपा रस्ता धरला आणि भांडण काढलं.

"बहिणीनं घेतला म्हणून ना? साडूनं दाराएवढा घेतला, आता आपण भिंतीएवढा घ्यायचा!"

"चला," काकू म्हणाल्या. त्यांच्या पायात चपला होत्याच.

दुकानात चाळीस टीव्ही होते आणि चाळीसही टीव्हींत एकच मासा पोहत होता. छातीवर बिल्ला लावलेली एक हसरी मुलगी पुढं आली आणि रंग, आवाज, इंटरनेट असं भराभर सांगायला लागली. दोन मिनिटांनी तिच्या लक्षात आलं की आपण हवेशी बोलतोय.

"काका कुठं गेले?"

"मागं असतील," काकू म्हणाल्या. "ते मागूनच सुरुवात करतात."

आणि खरंच, दोन टीव्हींच्या फटीतून काकांचं डोकं वर आलं. "हा उघडतो कसा?"

"उघडायचा नसतो काका. वॉरंटी जाते."

"आणि बिघडला तर?"

"बदलून मिळतो."

"वा! म्हणजे माणूस आजारी पडला की दुसरा आणा!"

"माणूस नाही हो काका, टीव्ही. नवरा थोडाच बदलून मिळतो!"

"मिळत असता तर तू आधी भेटायला हवी होतीस गं," काकू म्हणाल्या, आणि मुलगी इतकी खळखळून हसली की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. काकांना मात्र हसू आलं नाही. ते पुढच्या रांगेच्या मागं शिरले.

तासभर हे चाललं. प्रत्येक टीव्हीचं काही ना काही त्यांना खटकलं. एक फार पातळ, "ह्याला आतडी आहेत की नाहीत?" एकाचा आवाज खालून येतो, "पोटात बोलल्यासारखा." एकाचे रंग भडक, मासा हळद लावून बसल्यासारखा. शेवटी कोपऱ्यात, गेल्या वर्षीच्या मालात, त्यांना एक जरा जाडसर टीव्ही सापडला. दोन पायांवर उभा आणि मागं चांगले दहा स्क्रू. काकांनी त्या स्क्रूंवरून बोट फिरवलं. आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

"हा घेऊ. टेबलावर ठेवू, भिंतीपासून दोन हात पुढं."

"दोन हात कशाला, काका?" मुलीनं विचारलं.

"हवा खेळायला."

"नको," काकू म्हणाल्या. त्या मुलीकडे वळल्या. "तो बघ, तो पलीकडचा. तसला दे. भिंतीला चिकटून बसेल असा. मागं बोटसुद्धा जाता कामा नये."

झालं! काकांचा पारा चढला. "अगं पण का? बोट का जाता कामा नये? माझ्या कामाची लाज वाटते तुला, सरळ सांग ना! इतकी वर्षं हे हात मागं चालले म्हणून तू पुढं बसून बघितलंस. आता साडूच्या पंक्तीला बसायचं, तर मागचा माणूस नको!"

मुलगी शहाणी होती. "मी माहितीपत्रक आणते हं," म्हणून ती निघून गेली, आणि त्या दुकानात माहितीपत्रकं शोधायला इतका वेळ लागत असेल असं वाटत नाही.

काकू हळू आवाजात बोलायला लागल्या. "परवा तुम्ही भाग शोधायला गेलात, तेव्हा झाकण जमिनीवर उताणं होतं. केर काढताना मी वाचलं."

"मग? बिघाड लिहिलेत त्याच्यावर."

"सगळ्या तारखांपुढं नाही. नऊ तारखा नुसत्याच आहेत. पुढं काही नाही."

काका जवळच्या टीव्हीचा कोपरा बाहीनं पुसायला लागले.

"एक तुमची आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. एक तुम्ही दुकानाचं शटर शेवटचं ओढलंत त्या दिवसाची. आणि एक बबडी गेली त्या दिवसाची." बबडी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, नोकरीसाठी परदेशी गेलेली, चार वर्षं झाली. "विमानतळावरून आलो. तुम्ही चपलाही काढल्या नाहीत. आवाज खरखरतोय म्हणालात आणि मागं जाऊन बसलात. दोन तास. आवाज खरखरत नव्हता हो. मी पुढंच बसले होते, मला ऐकू येत होतं ना."

चाळीस मासे वळले आणि चाळीसही परत गेले.

"मी आरसा आणायला उठले, तर तुम्ही म्हणालात, आज आरसा नको. तेव्हाच मला कळलं. तुम्ही मागं रडत होतात आणि मी पुढं रडत होते, आणि मध्ये तो मेला खोका. एवढी वर्षं झाली, घरात काही झालं की तुम्ही मागं. मी कुणाकडे बघायचं? बातम्यांकडे?" काकूंनी नाक पुसलं. "बहिणीचं काय घेऊन बसलात. तिनं दाराएवढा घेऊ दे नाहीतर गावाएवढा. मला फक्त मागं जागा नसलेला टीव्ही हवाय."

काकांना बोलायचं होतं. त्यांनी सवयीनं मागं बघितलं, तर मागं टीव्हींची रांग, त्या पलीकडे आणखी एक रांग. एवढी मोठी जागा होती, पण जावंसं वाटेना. आपण आपलं दुःख चोरून ठेवतोय, ताकास तूर लागू देत नाही, असं त्यांना छत्तीस वर्षं वाटत होतं. आणि ही बाई सगळं ऐकत होती. ऐकून पुन्हा चहा टाकत होती.

मुलगी परत आली तेव्हा काका त्या चिकटणाऱ्या टीव्हीसमोर उभे होते. चक्क समोर.

"हा द्या," ते म्हणाले. "पण भिंतीला मी लावणार."

"आमचा माणूस येतो काका, फुकट लावून देतो."

"येऊ दे. चहा पिऊन जाऊ दे. स्क्रू मी पिळणार."

आणि तसंच झालं. दुकानाचा माणूस चहा पीत बसला आणि काकांनी भिंतीला भोकं पाडली, चार वेळा मोजून, एकदाच पाडून. "डावी बाजू जरा वर," काकू शेजारी उभ्या राहून म्हणाल्या. "आता खाली. हां, आता हलू नका, शिंकूसुद्धा नका." खोका दुकानाच्या गाडीतून गेला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत काका दारात उभे होते आणि काकू त्यांच्या बाजूला उभ्या होत्या. झाकण मात्र काकूंनी जाऊ दिलं नाही, ते कपाटामागं ठेवलं. स्टूल स्वयंपाकघरात गेलं.

रविवारी संध्याकाळी बबडीचा फोन येतो. त्याची रीत ठरलेली. फोन काका घेणार, "बरी आहेस ना? घे, आईशी बोल," म्हणणार, आणि टीव्हीमागं जाणार. त्या रविवारी दोघं नव्या टीव्हीसमोर बसले होते. काकांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ते मांडीखाली घातले होते. तेवढ्यात फोन वाजला.

"बरी आहेस ना? घे, आईशी..." काका बोलता बोलता उठले आणि तीन पावलं चालून भिंतीशी थांबले. टीव्ही भिंतीला गच्च बसला होता. स्वतःच लावलेला, बोटसुद्धा जाणार नाही असा. त्यांनी वळून फोन पुढं केला. काकूंनी हात पुढं केलाच नाही. त्या शांतपणे टीव्हीचा आवाज कमी करत होत्या.

काका परत आले आणि बसले.

"बाबा? आहात ना?"

"आहे."

"काय करताय?"

"बसलोय. तुझ्या आईशेजारी."

"अरे वा! आणि नवा टीव्ही कसा आहे?"

"चांगला आहे. त्याला मागं काही नाही."

"बाबा, आवाज असा का येतोय? खरखरतोय."

आता म्हणायला काय, फोन जुना झालाय म्हणता आलं असतं. तार सैल आहे, रेंज नाही, ह्या माणसाला बिघाडांची काय कमी! काकांनी एकदा काकूंकडे बघितलं.

"फोनला काही झालं नाही बबडे," ते म्हणाले. "मला तुझी आठवण येते. चार वर्षं झाली, रोज येते."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. काका जागचे उठले नाहीत. टीव्हीवर कुणीतरी आवाज न करता गात होतं आणि काकू तिकडे बघत नव्हत्या. रडताना ह्यांची हनुवटी थरथरते, अगदी लहान मुलासारखी, हे त्यांना लग्नानंतर छत्तीस वर्षांनी पहिल्यांदा दिसत होतं.