पुरे म्हणेपर्यंत

२००९ साली, थंडीच्या दिवसांत, थोरली शिडीवर चढून आईच्या बैठकीतला काचेचा दिवा उतरवत होती. पडलाच तर झेलायला आई खाली दोन्ही हात पसरून उभी होती.

लोकांच्या घरांचा उजेड आखून देणं हे थोरलीचं काम. पण तिची रीत उलटी. आधी सगळे दिवे लावायचे, मग एकेक विझवत जायचं. घरातलं माणूस "आता पुरे" म्हणालं, की शेवटचा परत लावायचा.

"तेवढाच उजेड खरा," ती म्हणाली. "बाकी सगळी हौस."

"हौस नसेल तर घर कसलं गं?"

बाबा त्यांच्या शिवणयंत्राशी बसले होते. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस. दुकानात उजेडावरून भांडणारा. धाकटीचा फोनवर एकच धोशा होता, यंत्र विका आणि माझ्याकडे या. बाबांचं उत्तर ठरलेलं, "हात-डोळे धड आहेत तोवर नाही." म्हणून 'पुरे' म्हणायचं काम थोरलीनं त्यांनाच दिलं.

कपाटावरचा दिवा विझला.

"बाबा?"

"चालेल."

भिंतीवरचे दोन्ही विझले.

"चालेल की. सारखं काय विचारतेस?"

आईला काही उमजेना. "अहो, मिणमिणता दिवा दिला म्हणून माझ्या भावाशी अबोला धरला होतात ना तुम्ही?"

"तुझा भाऊ तसाच होता. आता वय झालं, थोडक्यात भागतं."

"बघ आई," थोरली हसली, "कारागिराला बरोबर कळतं."

बाहेर अंधारून आलं होतं. यंत्रावरचा छोटा दिवा तेवढा उरला.

"हा नाही काढणार. नुसता फरक दाखवते." तिनं बटण दाबलं.

खोली काळीमिट्ट झाली. आईला स्वतःचा हात दिसेना.

"हां," बाबा म्हणाले. "हे बरोबर आहे. असंच ठेव."

गेले कित्येक महिने सुईत दोरा आईच ओवून देत होती. तुझा हात हलका आहे, म्हणायचे ते. ती खूशही व्हायची. अंधारात ती चाचपडत त्यांच्या खुर्चीपाशी गेली.

"बाबा," थोरलीचा आवाज आला. "पुरे म्हणा ना."

बराच वेळ त्यांचं बोट यंत्राच्या चाकावरून फिरत राहिलं.

"यंत्र विकू नका," ते म्हणाले.

तपासणीत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत आली नाही. यंत्र विकलं नाही. बाबा शेवटपर्यंत त्यावर बोटांनी कड चाचपत उशांचे अभ्रे शिवत राहिले, आणि घरात उशांहून अभ्रे जास्त झाले. धाकटीच शेजारच्या गल्लीत राहायला आली. आई आता एकटी असते. यंत्रावरचा दिवा ती संध्याकाळी लावते आणि दुसरीकडे जाऊन बसते.

थोरलीची रीत तीच आहे. फक्त दिवे विझवायच्या आधी ती घरातल्या प्रत्येकाच्या हातात सुई-दोरा देते. कशाला, असं कोणी विचारलं तर सांगत नाही.